दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर त्या जागेचं काय?

रानजाई

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. खालच्या जबड्यात डावीकडची तिची शेवटची दाढ, म्हणजे दुसरी दुधाची दाढ, काढावी लागणार आहे. कीड मुळापर्यंत गेली आहे, हिरडीवर पुन्हापुन्हा पू धरतो आणि मुळांमधलं हाड विरघळल्याचं एक्स-रेमध्ये दिसतं. दाढ वाचेल का, हे दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. त्यामुळे काढायची की नाही, हा प्रश्न संपला.

प्रश्न त्यापुढचा आहे. बालदंततज्ज्ञ म्हणतात, दाढ काढल्यावर ती जागा राखायला स्पेस मेंटेनर बसवायला हवा. तोही साधा नाही. त्याची एक धातूची पट्टी मागच्या बाजूला हिरडीच्या आत जाते. घरी सगळ्यांचं म्हणणं एकच: "दुधाचेच दात ते, पडणारच होते. एवढ्याशा पोरीच्या हिरडीत पत्रा कशाला खुपसायचा?"

पुढचे दात सहा-सात वर्षांपासून हलायला लागतात, म्हणून सगळेच दुधाचे दात तेव्हा पडतात असा आपला समज असतो. पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे हिची ही दाढ आपणहून पडायला निदान साडेचार वर्षं बाकी होती. "पडणारच होती" एवढ्यावर मला थांबता येत नाही.

त्यात हिची सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ अजून हिरडीखालीच आहे. ही दाढ कुठलाही दुधाचा दात पडून येत नाही, सगळ्यांच्या मागे नव्या जागी उगवते. (अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि तिच्या किडीकडे दुर्लक्ष होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.) वर येताना ती दुसऱ्या दुधाच्या दाढेच्या पाठीला टेकून येते. तो टेकूच काढून घेतला तर ती पुढे कलणार आणि त्या जागी यायच्या पक्क्या दाताची, म्हणजे उपदाढेची, वाट बंद करणार, असं मला समजलं आहे.

इथे कोणाच्या मुलाला हे हिरडीत जाणारं उपकरण बसवलं आहे का? दुसरा काही मार्ग आहे का? आणि निर्णयाला किती दिवस आहेत?

---

पाऊसवाट

आमच्या मुलाला साधा, बँड अँड लूप प्रकारचा (शेजारच्या दाढेवर धातूचं कडं आणि त्याला जोडलेली तारेची कडी) बसवला होता, तेव्हा तो सातचा होता. हिरडीत जाणाऱ्याचा अनुभव नाही. सविस्तर रात्री लिहितो. पण थांबू नका, एवढं आत्ताच सांगतो.

---

शुभ्रकळी

मी बालदंततज्ज्ञ आहे. न तपासता तुमच्या मुलीसाठी काय करावं हे सांगणार नाही, पण तुम्ही जे समजून घेतलं आहे ते बरोबर आहे. जागा राखण्याच्या दृष्टीने ही सगळ्यांत नाजूक परिस्थिती. दुसरी दुधाची दाढ गेलेली आणि पहिली पक्की दाढ अजून आलेली नाही.

तुम्हाला सांगितलेल्या उपकरणाला डिस्टल शू म्हणतात. पुढच्या, म्हणजे पहिल्या दुधाच्या दाढेवर बँड किंवा स्टीलची कॅप बसवतात. तिथून एक दांडी रिकाम्या जागेवरून मागे जाते आणि टोकाला खाली वळते. ही वळलेली पट्टी हिरडीखालच्या पक्क्या दाढेच्या पुढच्या कडेला जेमतेम लागेल इतकीच, त्या कडेच्या साधारण १ मिमी खाली जाते. काढलेल्या दाढेची पाठ जे काम करत होती तेच ही पट्टी करते. पक्की दाढ तिला टेकून सरळ वर येते.

पत्रा खुपसण्याबद्दल. बहुतेक वेळा उपकरण आधी तयार करून दाढ काढली त्याच वेळी बसवतात. जागा बधिर केलेली असते आणि दाढेची खोबण उघडी असते. पट्टी त्या खोबणीतून जाते, वेगळी चीर द्यावी लागत नाही. कायमचं चिकटवण्याआधी एक्स-रे काढून पट्टी नेमकी कुठे टेकली आहे हे पाहणं अत्यावश्यक आहे. तुमचे डॉक्टर तो काढतील ना, हे जरूर विचारा. पट्टी आखूड पडली तर दाढ तिच्याखालून पुढे निसटते.

आता महत्त्वाचं: हे प्रत्येक मुलाला चालत नाही. हृदयाचा असा आजार असेल की रक्तात गेलेल्या जंतूंमुळे हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग होऊ शकतो, प्रतिकारशक्ती कमी असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, तर हिरडी उघडी ठेवणारं उपकरण आम्ही बसवत नाही. तोंडाची स्वच्छता राखली जात नसेल किंवा मूल नियमित तपासणीला येणार नसेल, तरीही नाही.

अशा मुलांसाठी दोन मार्ग उरतात. एक म्हणजे काढता-घालता येणारी प्लेट. ती हिरडीच्या आत न जाता मागच्या उंचवट्यावर वरून दाब देते. पण पाच वर्षांचं मूल ती नियमित घालेल का, हा खरा प्रश्न. दुसरा म्हणजे पक्की दाढ येऊ द्यायची, आणि ती पुढे आलीच तर नंतर उपकरणाने मागे ढकलून जागा परत मिळवायची. ते शक्य असतं, पण जागा राखण्यापेक्षा परत मिळवणं नेहमीच जास्त कष्टाचं.

किती दिवस? दाढ काढल्यानंतर सर्वांत जास्त जागा पहिल्या सहा महिन्यांतच जाते. हिची पक्की दाढ उगवायच्या बेतात असणार, तेव्हा तिच्या बाबतीत "पुढच्या सुट्टीत बघू" चालणार नाही.

---

उंबरठा

मी आजोबांच्या पिढीतला. आमच्या वेळी किडलेला दात काढून टाकत आणि विषय संपे. माझे स्वतःचे दात ठीक आले. म्हणून मनापासून विचारतो, हे सगळ्यांनाच लागतं का? लहान मुलाला खुर्चीत बसवायचं, सुई द्यायची, माप घ्यायचं, हा त्रासही त्रासच आहे. नातवंडांच्या बाबतीत मी सुनेला थांब म्हणालो होतो, म्हणून हा प्रश्न डोक्यात आहे.

---

अक्षरवेल

उंबरठा काका, तुमचे ठीक आले हे चांगलंच झालं. माझं उलट झालं. लहानपणी खालची दुसरी दुधाची दाढ काढली होती, जागा कोणी राखली नाही. पक्की दाढ पुढे कलली आणि मागून आलेली उपदाढ रांगेत न मावता जिभेच्या बाजूला उगवली. जीभ तिच्यावर घासायची. दोन दातांच्या बेचक्यात अन्न अडकून शेजारच्या चांगल्या दाढेलाही कीड लागली. शेवटी मोठेपणी तारा लावून, दाढ सरळ करून जागा केली. त्याला बराच काळ लागला. लहानपणी एक छोटी तार बसली असती तर यातलं बरंच टळलं असतं.

रानजाई, तुझ्या घरच्यांना हे दाखव हवं तर.

---

शुभ्रकळी

@उंबरठा, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर "नाही, सगळ्यांना लागत नाही" असंच आहे. कोणता दात गेला, किती वयात गेला, खाली नवा दात किती तयार आहे आणि जबड्यात मुळात जागा ऐसपैस आहे की दाटी आहे, या सगळ्यांवर ते ठरतं.

वयापेक्षा एक्स-रे जास्त खरा. नव्या दाताचं मूळ साधारण पाऊण तयार झालं की तो हिरडीबाहेर डोकावतो. त्याच्यावर हाडाचा थर असेल तर १ मिमी हाड ओलांडायला अंदाजे ४ ते ५ महिने लागतात. म्हणजे दाताच्या डोक्यावर हाडच उरलं नसेल आणि मूळही बरंच तयार असेल, तर कशाला उपकरण? दात येतोच आहे. पण पू होऊन हाड खाल्लं गेलं असेल तर हा हिशेब बदलतो. अशा वेळी दात अपेक्षेपेक्षा लवकरही येतो.

एक्स-रेमध्ये आणखी एक गोष्ट आम्ही बघतो, ती म्हणजे खाली नवा दात आहे का! खालची दुसरी उपदाढ काही मुलांमध्ये जन्मतःच नसते. मग ती जागा ठेवायची की मिटू द्यायची, हा निर्णय पूर्णपणे वेगळा होतो.

---

पाऊसवाट

रात्री म्हटलं होतं, लिहितो.

मुलाची खालची पहिली दुधाची दाढ गेली होती. पहिल्या वेळी दातांच्या फटीत रबराच्या बारीक रिंगा घातल्या, जेणेकरून बँड सरकायला जागा होईल. पुढच्या वेळी बँड बसवून बघितला, माप घेतलं, ते लॅबला गेलं. नंतर तयार लूप आला आणि सिमेंटने चिकटवला. बसवताना सुई लागली नाही. पहिले दोन-तीन दिवस जीभ सारखी तिकडेच जायची, बोलताना किंचित अडखळायचा, मग विसरला.

खरं काम त्यानंतर असतं, आणि ते पालकांचं. चिकट गोळ्या आणि च्युइंगम बंद. बर्फ चावायचा नाही. जिभेने किंवा बोटाने तार हलवायची नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. रोज रात्री मी स्वतः ब्रशचं टोक लुपाखालून फिरवायचो. बँडच्या कडेला अन्न साचून राहिलं तर ज्या दाढेवर बँड आहे तीच किडते.

एकदा बँड सैल झाला. दिसायला जागेवरच होता, पण चावताना वर-खाली होतोय असं मुलगा म्हणाला म्हणून लक्षात आलं. मुलं सांगतात ते ऐका. डॉक्टरांनी काढून, साफ करून पुन्हा चिकटवला.

---

केवडा

आमच्या मुलीला मात्र काहीच बसवलं नाही, तेही डॉक्टरांच्याच सल्ल्याने. ती आठ वर्षांची होती, वरची पहिली दुधाची दाढ गेली. पक्क्या दाढा वर-खाली नीट आल्या होत्या आणि एकमेकींत घट्ट बसत होत्या. डॉक्टरांनी साचा घेऊन फटीचं माप लिहून ठेवलं आणि ठरावीक अंतराने पुन्हा मोजलं. जागा विशेष कमी झाली नाही. उपदाढ तिथेच आली.

रानजाईच्या मुलीची केस वेगळी आहे हे समजतंय. पण धागा वाचून प्रत्येकाने धावत जाऊन तार बसवू नये, म्हणून लिहिलं.

---

त्रिज्या

ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात तारांनी सरळ करणारे डॉक्टर) आहे. केवडा यांच्या डॉक्टरांनी केलं ते मला आवडलं, आणि तसं करणारे कमी भेटतात. "मोजून लक्ष ठेवणं" म्हणजे काहीच न करणं नव्हे. त्यात जबाबदारी जास्त आहे, कारण तपासणी चुकली की सगळं फसतं.

पहिली दुधाची दाढ गेली आणि सहा वर्षांच्या दाढा आधीच एकमेकींत नीट अडकलेल्या असतील तर जागा जाते ती बहुधा थोडी, साधारण एक-दीड मिलिमीटर. ती परवडते की नाही हे त्या तोंडावर अवलंबून. निसर्गाने थोडी शिल्लक ठेवलेलीच असते. दुधाचा सुळा आणि दोन दाढा यांची मिळून रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या सुळ्यापेक्षा आणि दोन उपदाढांपेक्षा जास्त असते. खालच्या जबड्यात एका बाजूला सरासरी १.७ मिमी, वरच्या जबड्यात ०.९ मिमी. दात ऐसपैस असलेल्या मुलाला ही शिल्लक पुरते. आधीच दाटी असलेल्या मुलाचा अर्धा मिलिमीटरही महागात पडतो.

दुसरी दुधाची दाढ गेली तर मात्र मी सहसा थांबत नाही. खालची पक्की दाढ पुढे कलते. वरची पुढे सरकताना टाळूकडच्या मुळाभोवती फिरतेही, त्यामुळे वर जागा भराभर जाते.

आणि दुधाच्या सुळ्याकडे कोणाचं लक्ष नसतं! खालचा एका बाजूचा सुळा लवकर गेला की पुढचे दात त्या बाजूला सरकतात, मधली रेषा हलते आणि दात जिभेकडे झुकतात. बाहेरून फारसं काही दिसत नाही, पण नंतर निस्तरायला हे कठीण.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला हृदयाचा वा इतर आजार नाही, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांकडूनही विचारून घेतलं. डॉक्टरांना एक्स-रेबद्दल विचारलं, चिकटवण्याआधी काढणारच आहेत म्हणाले. घरी अक्षरवेलचा प्रतिसाद वाचून दाखवला. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तिच्यासोबत मी येते."

शुभ्रकळी, एक शंका. पक्की दाढ बाहेर आली की ही पट्टी तशीच ठेवायची का? आणि मग थेट बारा वर्षांपर्यंत?

---

शुभ्रकळी

नाही. पक्की दाढ हिरडीबाहेर आली की हिरडीतल्या पट्टीचं काम संपतं. उपकरण बदलावं लागतं.

तेव्हा पक्क्या दाढेवर बँड बसवून लूप पुढच्या दुधाच्या दाढेला टेकवता येतो. त्यात एक अडचण पुढे येते. ती पुढची दाढ ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान पडते आणि मागची उपदाढ त्याच्याही नंतर येते. म्हणजे लुपाचा पुढचा आधार मध्येच जातो. म्हणून खालचे पुढचे चार पक्के दात आले की आम्ही बहुधा लिंग्वल आर्चकडे वळतो. दोन्ही बाजूंच्या पक्क्या दाढांवर बँड आणि त्यांना जोडणारी एक तार, पुढच्या दातांच्या मागून जाणारी. ती त्याआधी बसवत नाही, कारण खालचे पुढचे पक्के दात पुष्कळदा जिभेच्या बाजूनेच उगवतात आणि तार त्यांच्या आड येते. वरच्या जबड्यात हेच काम टाळूवर टेकणाऱ्या बटणाची नॅन्स आर्च करते.

म्हणजे एका मुलात दोन, कधी तीन उपकरणं लागतात. हे आधीच माहीत असलं की पालक मध्येच सोडून देत नाहीत. तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी. सिमेंट धुपलं का, सांधा तुटला का, तार हिरडीत रुतली का, आणि खालून दात येऊन तारेला अडतोय का. या शेवटच्या कारणासाठी उपकरण वेळेवर काढणंही तितकंच गरजेचं आहे. विसरून राहिलेला स्पेस मेंटेनर येणाऱ्या दाताला वाकडं करतो.

---

उंबरठा

आता चित्र स्पष्ट झालं. सुनेला फोन केला, नातवाचा एक्स-रे काढून घ्यायला सांगितला. काय निघेल ते डॉक्टर ठरवतील, मी मध्ये पडणार नाही.

शुभ्रकळी ताई, दात वाचवायचा प्रयत्न किती करावा यावरही लिहा. तो इथे राहून गेला आहे.

---

शुभ्रकळी

शक्य तितका. दुधाच्या दाढेइतकी चांगली जागा राखणारं उपकरण अजून बनलेलं नाही. ती जागा धरते, चावते आणि समोरच्या दाताला खाली उतरू देत नाही. लूप फक्त जागा धरतो.

कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल पण मुळं निरोगी असतील तर नसेचा वरचा भाग काढून औषध भरतात. मुळांपर्यंत गेली असेल तर दुधाच्या दातांचं रूट कॅनॉल करतात. त्यात भरलेलं औषध मुळांबरोबर विरघळणारं असतं, म्हणून खालच्या पक्क्या दाताला अडथळा होत नाही. दोन्हींनंतर बहुतेक वेळा स्टीलची कॅप. पालक कॅपला नको म्हणतात, दिसते म्हणून. पण मागच्या दाढेत ती टिकते आणि दाढेची मूळ रुंदी परत देते. हे का सांगते, तर दोन दाढांच्या मधली कीड बराच काळ तशीच राहिली तर दाढ न काढताही जागा जाते. पोखरलेल्या भागात शेजारची दाढ हळूहळू सरकते.

हाड विरघळलं असेल, पू थांबत नसेल, तर रानजाईंच्या मुलीसारखं काढणंच योग्य. संसर्ग खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा करू शकतो.

---

नवखा_बाबा

धागा उशिरा सापडला. आमचा मुलगा चार वर्षांचा, पडला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. तो कोणी परत बसवला नाही. त्यालाही जागा राखायला काही लागेल का? आणि भाचीचा पुढचा दात चौथ्या वर्षी काही न लागता आपोआप पडला, त्याचं काही विशेष?

---

शुभ्रकळी

दुधाचा निखळलेला दात परत बसवत नाहीत, ते बरोबरच झालं. बसवताना खालच्या पक्क्या दाताला धक्का लागू शकतो. दुधाचे सुळे आलेले असतील तर पुढची जागा सहसा जात नाही. तिथे काही बसवायचं तर ते दिसण्यासाठी किंवा बोलण्यासाठी. पण तपासणी करून घ्या. शेजारचा एखादा दात हिरडीत रुतला आहे का, हे एक्स-रेवरच कळतं. पुढे येणाऱ्या पक्क्या दातावर पांढरा वा पिवळसर डाग असू शकतो, ते ध्यानात असू द्या.

मोठ्या मुलाचा पक्का दात असा निघाला तर मात्र सगळं उलट. मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरायचा, मळला असेल तर पाण्याखाली क्षणभर धरायचा, शक्य असेल तर लगेच खोबणीत बसवायचा. नाहीतर दुधात ठेवून तडक दंतवैद्याकडे. तिथे मिनिटं मोजली जातात.

भाचीबद्दल: मार नाही, कीड नाही, पाच वर्षांच्या आत दात पडला आणि पडलेल्या दाताला मूळ जवळजवळ पूर्ण असेल, तर तो फक्त दाताचा प्रश्न समजू नका. हायपोफॉस्फेटेशिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार अनेकदा असाच पहिल्यांदा लक्षात येतो. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम त्यात कमी आढळतं. दात जपून ठेवला असेल तर तो घेऊन बालदंततज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघांकडे जायला सांगा.

---

नवखा_बाबा

दात बहिणीने डबीत ठेवला आहे. मूळ लांब आहे. आजच कळवतो तिला.

---

रानजाई

दाढ निघाली, डिस्टल शू बसला. चिकटवण्याआधीचा एक्स-रे डॉक्टरांनी मला समोर लावून दाखवला, पट्टीचं टोक पक्क्या दाढेच्या कडेला बरोबर टेकलेलं दिसत होतं. पहिल्या रात्री थोडं दुखलं, औषधाने थांबलं. आता ती डाव्या बाजूनेही जेवते. पुढची तपासणी ठरली आहे. पक्की दाढ वर आली आणि उपकरण बदलायची वेळ झाली की इथेच लिहीन, पुढे कोणाला हा धागा लागला तर.